मॅटाडोरच्या पत्र्यातील इतिहास

'टेम्पो' हा शब्द आज कोणालाही परका वाटत नाही. घर बदलायचे असले की टेम्पो बोलवायचा, गणपती आणायला टेम्पो ठरवायचा, वसईच्या वाड्यांतली केळी, भाजी आणि फुले बाजारात पोचवायची तीही टेम्पोनेच. वाहन कोणत्या कंपनीचे आहे याच्याशी या नावाचा आता काही संबंध उरलेला नाही. पण मुळात ते एका जर्मन कारखान्याच्या वाहनांचे नाव होते. त्या नावाचा माग काढत गेलो तर जगभर 'कॅम्पर व्हॅन' म्हणून जपल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांपर्यंत आपण पोचतो. आणि वसई-विरारसारख्या समुद्रकाठच्या भागात अशी एखादी गाडी घरी दुरुस्त करायला घेतली, तर तिच्या पत्र्यातून रसायनशास्त्राचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. वर्गात 'लोखंडाचे गंजणे' हा पाठ शिकवताना उपयोगी पडेल म्हणून तो येथे मांडत आहे.

एकाच इंजिनाच्या दोन गाड्या

हॅम्बुर्ग येथील विडाल या पितापुत्रांच्या कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'टेम्पो' नावाची तीनचाकी मालवाहू वाहने बनवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, तिने 'मॅटाडोर' हे चारचाकी वाहन काढले. त्याचे इंजिन कंपनीचे स्वतःचे नव्हते. फोक्सवागनच्या सुप्रसिद्ध 'बीटल' मोटारीचे हवेने थंड होणारे इंजिन विकत घेऊन ते पुढच्या भागात बसवलेले असे आणि गती पुढच्याच चाकांना मिळे. गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत दांडा नेण्याची गरज नसल्यामुळे मागचा तळ सपाट आणि जमिनीलगत ठेवता येई.

त्याच काळात फोक्सवागनमध्येही अशाच गाडीची कल्पना आकार घेत होती. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचे रेखाटन केले. मार्च १९५० मध्ये त्या गाडीचे उत्पादन सुरू झाले. येथे तेच बीटलचे इंजिन मागे होते. आपलीच गाडी बाजारात आल्यावर प्रतिस्पर्ध्याला इंजिने पुरवण्यात फोक्सवागनला रस राहिला नाही. १९५२ मध्ये हा पुरवठा थांबला आणि मॅटाडोरला दुसरी इंजिने शोधावी लागली.

फोक्सवागनच्या गाडीत १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने झोपण्याची बाके आणि कपाटे बसवून द्यायला सुरुवात केली. हीच पुढे जगभर लोकप्रिय झालेली कॅम्पर व्हॅन. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातील अनेक तरुण अशा गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल या मार्गाने भारतात आले, काही गोव्यापर्यंत पोचले. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याचा प्रवेश यांमुळे हा रस्ता बंद पडला. गाडीचा दुसरा नमुना ब्राझीलमध्ये मात्र डिसेंबर २०१३ पर्यंत तयार होत होता. सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि तिथेही ती थांबली.

मॅटाडोर महाराष्ट्रात

'टेम्पो' आपल्याकडे आली ती नवलमल फिरोदिया यांच्यामुळे. त्यांनी १९५८ मध्ये विडाल कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली. मुंबईत गोरेगाव येथे 'हान्सिआट' ही तीनचाकी तयार होऊ लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला. तीनचाकीमागून चारचाकी आल्या आणि त्यांत मॅटाडोरही होती. दरम्यान जर्मनीत मूळ कंपनी हानोमाग या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ज्या कारखान्यात ही नावे जन्मली तिथे ती मिटली, महाराष्ट्रात मात्र घरोघरी झाली. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, दुधाची गाडी, लग्नाचे वऱ्हाड, अष्टविनायकाची यात्रा, सगळीकडे मॅटाडोर असे. बजाज टेम्पो कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आपल्या वाडीत बरीच वर्षे उभी असलेली एक मॅटाडोर पुन्हा चालती करायचे ठरवले. आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करावी, असाही बेत होता. भंगारवाल्याने किंमत सांगून झाली होती. माझा विषय धातूंचे क्षरण असल्यामुळे मला बोलावणे आले. त्यांचा प्रश्न सरळ होता: हिचा पत्रा किती उरला आहे?

बाहेरून गाडी ठीक दिसत होती. चुंबक घेऊन आम्ही तिच्याभोवती फिरलो. छपराला आणि दारांच्या वरच्या भागाला चुंबक घट्ट चिकटला. दारांखालच्या पट्ट्यावर मात्र तो जागोजागी गळून पडला. म्हणजे तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी भरलेली होती. पेचकसाचे टोक किंचित दाबताच ते आत गेले आणि आतून तपकिरी खपल्या व ओली माती बाहेर आली. वरचा पत्रा शाबूत होता आणि जमिनीपासून वीतभर उंचीचा पट्टा सडला होता. याचे कारण समजून घ्यायचे तर गाडीची बांधणी पाहावी लागेल.

बंद पेट्यांची गाडी

सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे लाकडी असत आणि त्यांवर पत्रा ठोकलेला असे. अमेरिकेत एडवर्ड बड यांनी १९१० च्या दशकात संपूर्ण पोलादी सांगाडा वापरात आणला. पातळ पत्रे दाबून त्यांना आकार द्यायचा आणि दोन पत्रे कडेला वितळजोड देऊन त्यांची पोकळ पेटी करायची, ही त्यातली युक्ती. एक कागद सहज वाकतो, पण त्याचीच नळी केली तर ती पुस्तकाचे वजन पेलते, हा प्रयोग शिक्षक वर्गात करतातच. पातळ पत्र्याची पेटीही तशीच भार पेलते. गाडी हलकी, स्वस्त आणि मजबूत होते.

या पेटीत एक दोष मात्र अंगभूत आहे. तिच्या आतल्या बाजूला रंगाचा हात पोचत नाही. खाली पाणी निथळण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात, ती मातीने बुजतात. मग पावसाचे पाणी आत शिरते आणि महिनोन्महिने राहते. फोक्सवागनची कॅम्पर असो वा आपली मॅटाडोर, जुन्या गाड्या याच जागी प्रथम सडतात.

हवा कमी, गंज जास्त

गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकवतो. मग जिथे हवा खेळती आहे तिथे पत्रा जास्त खराब व्हायला हवा. प्रत्यक्षात बंद पेटी, दोन पत्र्यांमधली फट, चिखलाचा थर अशा हवा कमी असलेल्या जागीच भोके पडतात. हे कोडे सुटायला बराच काळ लागला.

एकोणिसाव्या शतकात अनेकांचा समज असा होता की हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्यात तयार होणारे आम्ल लोखंड खाते. १९०३ मध्ये अमेरिकेतील विलिस व्हिटनी यांनी गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे असे मांडले. म्हणजे गंजणाऱ्या लोखंडावर असंख्य छोटे विद्युत्-घट काम करत असतात. धनाग्रावर लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनांच्या रूपात पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत ऋणाग्रावर जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्साइड आयन तयार करतात. दोन्ही प्रकारचे आयन पाण्यात भेटले की त्यांच्यापासून पुढे गंज बनतो.

धनाग्र कुठे आणि ऋणाग्र कुठे, याचे उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावरून दिले. लोखंडी पत्र्यावर ठेवलेल्या थेंबाच्या कडेला हवा सहज मिळते, मध्यभागी कमी मिळते. कडेचा भाग ऋणाग्र होतो आणि मध्यभाग धनाग्र. ऑक्सिजन खर्च होतो कडेला, पण लोखंड विरघळते मध्ये. गंजाचे कडे या दोहोंच्या दरम्यान उमटते.

मॅटाडोरच्या पेटीत हेच मोठ्या प्रमाणावर घडत असते. बाहेरच्या ओल्या, मोकळ्या पत्र्याला ऑक्सिजन मिळतो, चिखलाखालच्या पत्र्याला मिळत नाही. चिखलाखालचा पत्रा शेजाऱ्यासाठी झिजतो. गंजावर लांबी भरून वर चकचकीत रंग दिला तर आपण आणखी एक बंद फट तयार करतो. खालचा गंज आणि त्यातील मीठ तसेच राहते, कडेने ओल शिरते आणि क्रिया सुरू राहते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे काही महिन्यांत रंगाला फोड येतो. 'पेंटरने काम नीट केले नाही' असे आपण म्हणतो, पण दोष बहुतेक वेळा रंगाखाली काय ठेवले त्यात असतो.

वसईच्या हवेतले मीठ

पुण्याकडच्या जुन्या मॅटाडोर आणि वसईकडच्या मॅटाडोर यांत फरक पडतो तो हवेमुळे. ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांच्या प्रयोगांतून असे दिसले होते की हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारच सावकाश गंजते. ती पातळी ओलांडली की वेग झपाट्याने वाढतो. किनारपट्टीवर ही पातळी वर्षाचा मोठा काळ ओलांडलेली असते.

त्यात मिठाची भर पडते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील पाणी शोषून विरघळू लागते ते आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाल्यावर. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि त्याला सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. मिठागरातले खडेमीठ पावसाळ्यात पाझरते ते याच्यामुळे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले हे मीठ पत्र्यावर बसले की तो डोळ्यांना कोरडा दिसत असतानाही त्यावर पाण्याचा अदृश्य थर असतो. मीठ त्या पाण्याला विजेचे चांगले वाहक बनवते आणि घटांचे काम सोपे होते. छप्पर पावसाने दर वर्षी धुतले जाते. पेटीची आतली बाजू कोणी धूत नाही, तिथे मीठ साठतच जाते.

वर्गात करण्याजोगा एक हिशेब पाहा. वातावरणाची क्षरणक्षमता ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात तीव्र सागरी हवेसाठी उघड्या पोलादाची पहिल्या वर्षाची झीज ८० ते २०० मायक्रोमीटर धरली आहे. ती १०० धरली आणि पत्रा १ मिलिमीटर जाडीचा असला, तर एका बाजूने झिजून तो किती वर्षांत संपेल? १० वर्षांत. दोन्ही बाजूंनी झिजला तर ५ वर्षांत. प्रत्यक्षात वेग दर वर्षी बदलतो, पण रंगाचे महत्त्व कळायला एवढे पुरे. भारतातील अशा मोजमापांसाठी कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्थेने मोठे काम केले आहे. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे मंडपम येथे समुद्रकाठी क्षरण-परीक्षण केंद्र आहे.

याच वसईतून १७३९ च्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांच्या घंटा नेल्या. वाईजवळ मेणवली येथील घंटेवर १७०७ हे साल आहे. तीनशे वर्षे झाली तरी ती शाबूत आहे, कारण तांब्याच्या मिश्रधातूवर येणारा थर घट्ट चिकटून राहतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, खपल्या पडून पुन्हा नवा पृष्ठभाग उघडा होतो.

तीन थरांची राखण

वाडीतल्या मॅटाडोरची दुरुस्ती कशी करायची, याचा विचार करताना एकेक जुना शोध हाताशी आला.

पहिला शोध जस्ताचा. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले आणि तांबे वाचले. गंमत म्हणजे योजना तरीही सोडून द्यावी लागली. तांबे विरघळणे थांबल्यामुळे त्याचा विषारी परिणामही थांबला आणि जहाजांच्या तळाला कालवे व शेवाळ चिकटू लागले. तत्त्व मात्र खरे ठरले. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले. आपला जस्ती पत्रा तो हाच. त्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते.

दुसरा शोध फॉस्फेटचा. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये कॉस्लेट यांनी फॉस्फरिक आम्लाने लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर देण्याची पद्धत काढली. या थरावर रंग घट्ट बसतो. तिसरा शोध विजेने रंग चढवण्याचा. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीने गाडीचा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विद्युत्-प्रवाहाने रंग चढवण्याची पद्धत आणली. त्यामुळे पेटीच्या आतल्या पृष्ठभागावरही रंग पोचू लागला. आजच्या गाड्या समुद्रकाठीही बऱ्याच काळ टिकतात त्याचे हे एक मोठे कारण आहे.

घरी अशी टाकी शक्य नाही. म्हणून क्रम असा ठरला. आधी सगळी माती आणि मीठ गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे आणि गाडी पूर्ण वाळवायची. सडलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापायचा. नवा पत्रा जोडण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढायची. जस्ती पत्रा वापरला तर जोडाजवळचे जस्त आधी घासून टाकायचे, कारण वितळजोडाच्या उष्णतेने निघणारा जस्ताचा धूर ताप आणतो. मग फॉस्फेट, जस्तयुक्त प्रायमर आणि रंग. शेवटी पेटीच्या आत पातळ मेणाचा फवारा द्यायचा आणि निथळण्याची भोके मोकळी ठेवायची.

बिजागऱ्या, कड्या असे लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवून, १२ व्होल्टच्या चार्जरचे ऋण टोक त्यांना आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला जोडले की गंज सैल होतो. हे उघड्यावर करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. जिथे गंज पूर्ण निघत नाही तिथे टॅनिक आम्लयुक्त द्रावण लावतात. ते गंजाशी संयोग पावून काळानिळा थर देते. हिरड्यातही टॅनिन असते आणि हिरडा व लोखंडाच्या क्षारांपासून पूर्वी शाई करत, त्यातली क्रिया हीच.

जुन्या रंगांत शिसे आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून रंग ओला करून घासावा आणि ब्रेकची धूळ हवेने उडवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो तळाशी साचतो. त्यामुळे सिलिंडर ठेवायचा तर तळालगत बाहेर उघडणारी झरोक्याची जागा हवीच.

कायदा आणि कष्टकरी वाहने

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असे बदल परस्पर करता येत नाहीत. आत पलंग आणि शेगडी कायमची बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हे पहिले काम आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. ती दुचाकी आणि चारचाकींना आहे, वाहन मूळ स्वरूपात असावे लागते आणि ते रोजच्या वाहतुकीला वापरता येत नाही. या व्याख्येत संस्थानिकांच्या मोटारी सहज बसतात. ज्या तीनचाकीने मराठीला 'टेम्पो' हा शब्द दिला ती हान्सिआट मात्र बसत नाही. कष्टाची वाहने झिजेपर्यंत वापरली जातात आणि मग भंगारात जातात. त्यांचा इतिहास जपायचा तर तो आपणच नोंदवून ठेवायला हवा.

म्हणून वाडीतल्या गाडीचा पत्रा कापण्यापूर्वी त्या कुटुंबाला मी एक विनंती केली. दाराचा एक लहान भाग ओल्या पॉलिश पेपरने तिरका घासायचा. रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे एकात एक दिसू लागले: वर पांढरा, खाली निळा, त्याखाली लांबी नसलेला फिकट पिवळा आणि सर्वांत खाली तांबडा प्रायमर. गाडी तीन वेळा रंगली होती आणि लांबी दुसऱ्या रंगाबरोबर आली होती, एवढा इतिहास तळहाताएवढ्या जागेत सापडला. त्याचे छायाचित्र काढून मगच कापाकापी सुरू झाली.

शाळेत करून पाहा

स्वच्छ घासलेल्या लोखंडी पट्टीवर मीठ, फिनॉल्फ्थॅलीन आणि चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड घातलेल्या पाण्याचा मोठा थेंब ठेवा. काही मिनिटांत मध्ये निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसेल. निळा रंग विरघळणाऱ्या लोखंडाचा, गुलाबी रंग हायड्रॉक्साइडचा. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ नेऊ नये. मग विद्यार्थ्यांना बाहेर नेऊन शाळेचे फाटक, खिडक्यांचे गज, जुन्या सायकली पाहायला सांगा. गंज कुठे जास्त आहे, उघड्या जागी की सांध्यांत? पाणी कुठे थांबते? पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या बाजूत फरक आहे का? वर्षभर महिन्यातून एकदा ही नोंद ठेवली, तर वसईच्या हवेबद्दल त्यांच्याकडे स्वतःची माहिती जमा होईल आणि फाटकाला पुढचा रंग कुठे व कधी द्यायचा, हेही त्यांना सांगता येईल.